म्हातारपणाचा योगक्षेम

विमा अनिश्चिताचा असतो. घराला आग लागेलच असे नाही, म्हणून हजार घरे थोडे थोडे पैसे टाकतात आणि ज्याचे घर जळेल त्याला ते मिळतात. म्हातारपण मात्र लागणारच. गुडघे झिजतात, मोतीबिंदू पिकतो, साखर आणि रक्तदाब मुक्कामाला येतात. पंचाहत्तरीच्या माणसाला पुढच्या काही वर्षांत रुग्णालयाची पायरी चढावी लागेल का, या प्रश्नात फारसे कोडे उरत नाही. मग ज्येष्ठांच्या आरोग्य विम्यात विमा नेमका कशाचा उतरवला जातो? आणि जे जवळजवळ ठरलेलेच आहे त्याचा खर्च कोणी सोसायचा: ज्याचे शरीर त्याने, त्याच्या मुलाबाळांनी, त्याच्याच वयाच्या इतरांनी, की सगळ्या समाजाने? भारतात साठीनंतर मिळणाऱ्या प्रत्येक पॉलिसीच्या अटींत या प्रश्नाचे एक ना एक उत्तर बसलेले असते. बारीक अक्षरांत असल्यामुळे ते नीतीचे उत्तर आहे हे सहसा लक्षात येत नाही.

जुनी उत्तरे अधिक स्पष्ट होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, दुसऱ्या अधिकरणाच्या आरंभीच, बालक, वृद्ध, व्याधिग्रस्त आणि अनाथ यांचे पोषण राजाने करावे असे सांगितले आहे. पण ऐपत असूनही आईबापांना न पोसणाऱ्याला बारा पणांचा दंडही त्याच ठिकाणी आहे. म्हणजे आधी मुलगा, आणि ज्याला कोणी नाही त्याला राजा. धर्मशास्त्रातली पितृऋणाची कल्पना याच्या मागे उभी आहे, आणि महाराष्ट्रात त्या ऋणाची प्रतिमा म्हणून पुंडलिकाची कथा घरोघर माहीत आहे. आईवडिलांचे पाय चेपणाऱ्या मुलाने दारात आलेल्या देवाकडे वीट सरकवली आणि थांबायला सांगितले. या कथेत सेवा हातांनी केलेली आहे, पैशांनी नव्हे. हा तपशील पुढे कामाला येतो. आजच्या कायद्यात तेच ऋण वेगळ्या भाषेत आले. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याण अधिनियमात ‘चरितार्थ’ या शब्दात अन्न, वस्त्र, निवारा यांच्या जोडीला औषधोपचारही धरला आहे, आणि ज्येष्ठाला टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. बारा पणांचेच हे वंशज.

या सगळ्यात विमा कंपनी कुठेच नव्हती. ती आली तेव्हा तिने धर्माचीच भाषा उचलली. भारतीय आयुर्विमा महामंडळ १९५६ मध्ये स्थापन झाले. त्याचे बोधवाक्य भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायातले आहे आणि मुंबईत नरिमन पॉइंटला असलेल्या त्याच्या मुख्यालयाचे नावच ‘योगक्षेम’. शंकराचार्यांच्या भाष्यानुसार योग म्हणजे नसलेले मिळणे आणि क्षेम म्हणजे असलेले टिकणे. गीतेत हा भार देव उचलतो, तोही अनन्य भक्तांचा. कंपनी उचलते तो भार हप्ता वेळेवर भरणाऱ्यांचा. फरक विनोदी वाटला तरी त्यात एक खरी अडचण आहे: भक्ताला देव वय विचारत नाही.

काही घरांत विम्याविषयीचा संकोच याहून खोलवर असतो. ‘जे प्रारब्धात असेल ते भोगायचे’ असे म्हणणारे आजोबा कंजूषपणाने बोलतातच असे नाही. उद्याच्या आजाराची आजच तजवीज करणे म्हणजे त्याला आवतण देणे, असे त्यांना मनापासून वाटते. वेदान्ताच्या परिभाषेत मात्र प्रारब्ध भोगायचे म्हणजे हातपाय गाळायचे असा अर्थ निघत नाही. फळ द्यायला लागलेल्या कर्माचे ते नाव आहे, आणि नवे कर्म, म्हणजे क्रियमाण, माणसाच्या हातात राहते. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या बाराव्या दशकात प्रपंचात आणि परमार्थात सारखीच सावधानता मागितली आहे. पॉलिसी घेणे या सावधानतेत बसते, असे म्हणायला हरकत नाही.

इस्लामी धर्मशास्त्राने हाच प्रश्न अधिक बारकाईने उकलला. तिथला आक्षेप दैवावरच्या अविश्वासाचा नसून व्यवहाराच्या घडणीचा आहे. किती मिळणार हे ठाऊक नसताना पैसे देणे यात ‘घरर’, म्हणजे अनिश्चिततेचा सौदा येतो. जोडीला जुगार आणि व्याज येते. इस्लामी सहकार्य संघटनेच्या जेद्दा इथल्या फिक्ह अकादमीने १९८५ मध्ये व्यापारी विमा निषिद्ध आणि सहकारी विमा ग्राह्य ठरवला. एकमेकांचे नुकसान वाटून घ्यायला हरकत नाही, पण ते विकत घेणारा तिसरा माणूस मध्ये नको, हा त्यातला आशय. धर्म कोणताही असो, ज्येष्ठांच्या विम्याचा विचार करताना हा भेद हाताशी असावा लागतो, कारण वाटून घेणे आणि विकणे यांतली रेघ वयाबरोबर ठळक होत जाते.

ती का ठळक होते हे जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावरील आपल्या गाजलेल्या निबंधात दाखवले. पासष्टी उलटलेल्यांना आरोग्य विमा विकत घेणे इतके अवघड का, असा एक छोटा प्रश्न त्या निबंधात आहे. हप्ता वाढवला की प्रश्न सुटायला हवा. पण हप्ता वाढला की धडधाकट म्हातारे बाहेर पडतात आणि ज्यांना आपल्या दुखण्याची खात्री आहे तेच उरतात. मग हप्ता पुन्हा वाढवावा लागतो. शेवटी फक्त आजारीच आजाऱ्यांचा खर्च वाटून घेत बसतात, म्हणजे वाटून घेण्यासारखे काही उरतच नाही. बाजार नीट चालला तरी ही घसरण होऊ शकते. कोणाचा दुष्टपणा त्यासाठी लागत नाही.

याला तत्त्वज्ञानाच्या बाजूने आलेले सर्वांत भक्कम उत्तर नॉर्मन डॅनियल्स यांनी १९८८ च्या एका पुस्तकात मांडले. जात, वंश किंवा लिंग यांवरून माणसांत भेद केला तर काही माणसांना कायमचे कमी मिळते. वयाचे तसे नाही, कारण जगला वाचला तर प्रत्येक जण म्हातारा होतो. तेव्हा तरुण आणि म्हातारे असे दोन गट धरून त्यांत खर्च वाटण्यापेक्षा एकाच आयुष्याचे दोन टप्पे धरून तो मांडावा. आपण आयुष्याच्या कुठल्या टप्प्यावर आहोत हे ठाऊक नसलेला शहाणा माणूस आपल्या जन्मभराच्या पैशातला किती भाग उतारवयासाठी ठेवील, तो न्याय्य वाटा. विचार देखणा आहे, पण त्याला एक अट आहे: तरुणपणी भरलेला पैसा म्हातारपणापर्यंत पोचला पाहिजे. जर्मनीच्या खासगी आरोग्य विम्यात तरुणपणीच्या हप्त्यातून उतारवयासाठी निधी बाजूला काढावा लागतो. ऑस्ट्रेलियात खासगी रुग्णालय-विम्याचा दर वयावरून बदलत नाही, पण तिशीनंतर जितकी वर्षे उशीर कराल तितका दर वर्षाला २ टक्के जादा हप्ता पडतो. अमेरिकेत २०१० च्या कायद्याने वयस्क आणि तरुण प्रौढ यांच्या वैयक्तिक हप्त्यांतले प्रमाण तिपटीवर थांबवले. भारतात आरोग्य पॉलिसी बहुतांशी वर्षावर्षाचा करार असते. तिशीत निरोगीपणे भरलेला हप्ता त्या वर्षापुरता त्या वर्षीच्या आजाऱ्यांवर खर्च होतो आणि सत्तरीतल्या त्याच माणसासाठी काही शिल्लक राहत नाही. ज्येष्ठांसाठीच्या इथल्या सगळ्या पर्यायांना या एका गोष्टीची सावली आहे.

मेडिक्लेम ही पॉलिसी सार्वजनिक क्षेत्रातल्या चार साधारण विमा कंपन्यांनी १९८६ मध्ये आणली. तिच्यातली पहिली मोठी नैतिक दुरुस्ती न्यायालयातून आली. आधी कंपनीशी दाव्यावरून भांडलेल्या एका विमाधारकाला पॉलिसीचे नूतनीकरण नाकारण्यात आले होते. ते मनमानी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ठरवले. विमा नियामकाच्या २०१३ च्या नियमावलीने आजन्म नूतनीकरणाची हमी दिली. म्हणजे करार वर्षाचा राहिला, पण तो तोडण्याचा अधिकार कंपनीकडून बराचसा निघून गेला. साठीपूर्वी घेतलेली आणि न चुकवता चालवलेली वैयक्तिक पॉलिसी हा म्हणूनच सर्वांत चांगला पर्याय राहतो. तिची सोय आवडत नसेल तर २०११ पासून पोर्टेबिलिटी आहे: कंपनी बदलता येते आणि जुन्या आजारांसाठीच्या प्रतीक्षेची भरलेली वर्षे सोबत नेता येतात. मात्र नवी कंपनी प्रकृती पाहून नाही म्हणू शकते, तेव्हा पोर्ट करायचे तर दुखणी यायच्या आधी, हे ओघानेच आले.

साठीनंतर पहिल्यांदा विमा घेणाऱ्याची गोष्ट वेगळी. पूर्वी कंपन्या पासष्टीच्या पुढे दार बंद करू शकत. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनी ही वयाची अट काढली. त्याच नियमांनी आधीपासून असलेल्या आजारांसाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणली. कागदावर ही उदारता सर्वांना सारखी दिसते. तिशीतल्या माणसाला ३६ महिने थांबणे म्हणजे एखाद्या नोकरीचा काळ. बहात्तरीतल्या मधुमेह्याला ते कदाचित त्याच्या उरलेल्या चालत्या-फिरत्या आयुष्याचा मोठा तुकडा. सारखा नियम सारखा न्याय देतोच असे नाही, हा तत्त्वज्ञानातला जुना मुद्दा इथे महिन्यांत मोजता येतो. काही कंपन्या जादा हप्ता घेऊन ही प्रतीक्षा कमी करतात. हप्ता पेलत असेल तर म्हाताऱ्या माणसासाठी पैशांपेक्षा वेळ महाग आहे हे धरून विचार करावा.

खास ज्येष्ठांसाठीच्या पॉलिसींत दार उघडे असते, पण उंबरठा उंच असतो. त्यांत सहसा को-पे असतो, म्हणजे मान्य झालेल्या प्रत्येक दाव्यात विमाधारकाचाही ठरावीक टक्के वाटा. शिवाय खोलीभाड्यावर आणि मोतीबिंदूसारख्या शस्त्रक्रियांवर मर्यादा. यातली खोलीभाड्याची अट किती लांब हात मारते ते एका हिशेबात दिसते. विमा रक्कम ३ लाख, खोलीभाडे रोज १ टक्का म्हणजे ३,००० रुपये, को-पे २० टक्के अशी पॉलिसी धरू. आजींना ६,००० रुपयांच्या खोलीत पाच दिवस ठेवले. बिल झाले १,८०,००० रुपयांचे: खोली ३०,०००, डॉक्टर, नर्सिंग आणि शस्त्रक्रियागृह मिळून १,००,०००, औषधे आणि इम्प्लांट ५०,०००. खोली मर्यादेच्या दुप्पट, म्हणून खोलीचे १५,०००च मान्य. आणि त्याच प्रमाणात डॉक्टर-नर्सिंगचेही अर्धेच, ५०,०००. औषधे आणि इम्प्लांट यांना ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही, म्हणून त्यांचे ५०,००० पूर्ण. मान्य झाले १,१५,०००. त्यातून २० टक्के को-पे, २३,००० रुपये, वजा. कंपनीने दिले ९२,००० आणि घरून गेले ८८,०००. मुलाने आईला बरी खोली दिली म्हणून शस्त्रक्रियेचा मोबदला निम्मा झाला, हे डिस्चार्जच्या दिवशी कंपनीचे दावे हाताळणाऱ्या टीपीएच्या खिडकीशी कळते. को-पेच्या बाजूने कंपन्यांचा युक्तिवाद असा की स्वतःचे पैसे गुंतले की माणूस उगाच उपचार घेत नाही. चाळिशीतल्याच्या बाबतीत यात तथ्य असेल. खुब्याचे हाड मोडलेल्या ऐंशीच्या बाई उगाच शस्त्रक्रिया करून घेत नाहीत.

मुलांच्या फॅमिली फ्लोटरमध्ये आईवडिलांना घालणे हे भारतीय मनाला सर्वांत जवळचे उत्तर: एकच घर, एकच रक्कम, ज्याला लागेल त्याने वापरावी. पुंडलिकाच्या घरात फ्लोटरच असता. व्यवहारात त्याचा हप्ता घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावरून ठरतो आणि वडिलांच्या एका अँजिओप्लास्टीत नातवंडांचेही संरक्षण संपते. आईवडिलांची पॉलिसी वेगळी असलेली बरी. चूल वेगळी केल्यासारखे वाटते, पण त्यात दोन्ही पिढ्यांचे हित आहे. नोकरीतल्या समूह विम्यात आईवडिलांना घेता येत असेल तर तो अनेकदा जुन्या आजारांनाही पहिल्या दिवसापासून धरतो. मात्र मुलाच्या राजीनाम्याबरोबर तोही जातो, तेव्हा त्यावर विसंबून स्वतःची पॉलिसी सोडणे धोक्याचे. सुपर टॉप-अप हा आणखी एक मार्ग: वर्षभरातल्या एकूण खर्चातले पहिले ५ लाख दुसरीकडून भागवायचे आणि त्यावरचा भार सुपर टॉप-अपने घ्यायचा. साधा टॉप-अप ही मर्यादा दर दाव्याला लावतो, सुपर टॉप-अप वर्षाच्या बेरजेला. वारंवार दाखल व्हावे लागणाऱ्या वयात दुसराच उपयोगाचा. तत्त्व म्हणून पाहिले तर विम्याच्या मूळ अर्थाशी हा पर्याय सर्वांत प्रामाणिक आहे: अपेक्षित खर्च स्वतः उचला आणि अनपेक्षिताचा विमा घ्या.

यापैकी काहीही घेताना एक प्रस्ताव अर्ज भरावा लागतो, आणि विम्याच्या नीतीतला सर्वांत कठीण प्रसंग तिथे, जेवणाच्या टेबलावर येतो. मधुमेह आहे का, या रकान्याशी पेन थांबते. ‘कशाला लिहायचं काका, उगाच हप्त्यावर लोडिंग लागेल,’ असे एजंट म्हणतो. अर्ज बहुधा मुलगा भरतो, सही वडील करतात आणि खोटे कोणाचे ते ठरत नाही. विमा करार परम सद्भावाचा असतो; लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी १७६६ मध्ये एका इंग्लिश खटल्यात त्याची मांडणी केली तेव्हापासून हा नियम आहे, आणि तो दोन्ही बाजूंना बांधतो. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये जुना मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार लपवल्याच्या प्रकरणात कंपनीचा नकार योग्य ठरवला. २०२१ मध्ये दुसऱ्या टोकाचे प्रकरण आले. अमेरिकेला निघालेल्या एका प्रवाशाने परदेशी मेडिक्लेम घेताना मधुमेह सांगितला होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर त्याला हृदयविकाराचा त्रास झाला आणि कंपनीने जुन्या आजाराकडे बोट दाखवले. सांगितलेले ऐकून, तपासून पॉलिसी दिली असेल तर नंतर त्याच कारणाने हात झटकता येणार नाहीत, असे न्यायालय म्हणाले. मुलांकडे परदेशी जाणाऱ्या मराठी आईवडिलांनी सगळ्या गोळ्यांची यादी अर्जाला जोडावी, इतका साधा धडा त्यात आहे.

खोट्याला काळाची मर्यादाही आहे. पॉलिसी सलग पाच वर्षे चालली (२०२४ पूर्वी आठ) की, सिद्ध झालेली फसवणूक सोडता, माहिती लपवल्याचे कारण देऊन दावा फेटाळता येत नाही. ही क्षमा आहे की निव्वळ व्यवहार, यावर वाद घालता येईल. पाच वर्षे हप्ते घेत राहिलेल्या कंपनीनेही आपल्या बाजूचा सद्भाव पाळायला हवा होता, हे त्यामागचे तर्कशास्त्र पटण्यासारखे आहे.

सत्तरीनंतर राजा पुन्हा चित्रात येतो. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण ‘आयुष्मान वय वंदना’ कार्डावर मिळते. प्रतीक्षा नाही, हप्ता नाही, आणि खासगी पॉलिसी असली तरी चालते. केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या सीजीएचएससारख्या योजनांतल्यांना मात्र दोहोंतून एक निवडावे लागते. अडचण रुग्णालयांची: ओळखीचे डॉक्टर जिथे बसतात ते यादीत असेलच असे नाही. खासगी विम्यावरही सरकारने हात ठेवला आहे. साठीच्या पुढच्यांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून अधिक वाढवायचा तर आधी नियामकाशी सल्लामसलत करावी, असे जानेवारी २०२५ मध्ये सांगण्यात आले, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य पॉलिसींवरचा १८ टक्के जीएसटी गेला. जुन्या करपद्धतीत ज्येष्ठ आईवडिलांचा हप्ता भरणाऱ्या मुलाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. पितृऋणावर सरकारने दिलेली ही सूट म्हणायची.

कौटिल्याचा क्रम होता आधी मुलगा, मग राजा. आता दोघांच्या मध्ये कंपनी उभी आहे, आणि तिने आपली हद्द नीट आखून घेतली आहे. रुग्णालयातला मुक्काम तिचा. सर्व कंपन्यांना समान असलेल्या वगळलेल्या गोष्टींच्या यादीत पाचवी नोंद विश्रांती, पुनर्वसन आणि तात्पुरत्या देखभालीची आहे, आणि तिच्यात उदाहरणेही दिली आहेत: आंघोळ घालणे, कपडे घालणे, उठवून फिरवणे. ब्यूरोतून आलेल्या आयाची रोजंदारी, डायपर, रात्री तीनदा उठून पाणी देणे, चादर बदलणे आणि पाय चेपणे हे सगळे त्या नोंदीत मोडते.